सिल्वेस्टरच्या वाढदिवसाची बैठक: फंक घरी कसं ऐकावं

सगळ्यात आधी फोन बाजूला ठेवा. फोनच्या स्पीकरवर फंक, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेलं ठेक्याचं, नाचाचं संगीत, ऐकू येत नाही. गाणारा ऐकू येतो, टाळ्या येतात, ट्रम्पेट येतं; पण फंक जिच्यावर उभं आहे ती बास गिटार गायब असते. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण 41 हर्ट्झचा स्वर निघतो. फोनमधल्या नखाएवढ्या स्पीकरला त्याच्या कितीतरी वरच धाप लागते. डग्गा काढून घेऊन नुसत्या चाटीवरून ठेका ओळखायला सांगावं, तसं ते होतं.

मी गेली सव्वीस वर्षं मराठी नाटकांचं साऊंड करतो. त्याआधी सांगलीत आठ वर्षं तबला शिकलो. ठाण्यात राहतो, माझ्या जोडीदारासोबत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. दरवर्षी 6 सप्टेंबरला आमच्याकडे ऐकायची बैठक असते. 2018 साली त्या दिवशी गुरुवार होता. मी रत्नागिरीत प्रयोगाचं सामान उतरवत होतो आणि बातमी आली की सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधला, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा, आमच्या डोक्यावर टांगलेला भाग काढून टाकला. मी ट्रकच्या फळीवर बसलो तो बसलोच. संध्याकाळी प्रयोगाआधी स्पीकर तपासायला मी नेहमी एकच गाणं लावतो, सिल्वेस्टरचं. आणि ते लावताना लक्षात आलं की आज त्याचा वाढदिवस आहे. सिल्वेस्टर जेम्स, अमेरिकेतला कृष्णवर्णीय गे गायक, जन्म 6 सप्टेंबर 1947, लॉस एंजेलिस. त्याची एलपी मी 1997 साली चोर बाजारातून साठ रुपयांना आणली होती, तेव्हा तो कोण हे मला ठाऊकही नव्हतं. 2019 पासून त्या तारखेला बैठक सुरू झाली. ती कशी लावतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या घरी लावता येईल.

बैठकीला पहिल्यांदा येणारे एक प्रश्न हमखास विचारतात: फंकचा आणि गे लोकांचा संबंध काय? आणि मग ते संबंध शब्दांत शोधत बसतात. शब्दांत तो थोडाच सापडतो. तो सापडतो खर्जात, गाण्याच्या लांबीत आणि त्या गाण्यावर कोण नाचत होतं यात. म्हणून बैठकीला तीन गोष्टी लागतात: खर्ज पोचवणारे स्पीकर, घाई नसलेली संध्याकाळ आणि उभं राहायला मोकळी फरशी.

फरशीपासून सुरुवात करू. दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावा, टीपॉय बाहेर काढा. आमच्याकडे बारा फूट बाय दहा फूट एवढी जागा मोकळी होते, त्यात चौदा माणसं मावतात. पंधरावा आला की नाचता येत नाही, नुसतं उभं राहावं लागतं. म्हणून चौदाच बोलावतो.

स्पीकर दोन पुरेत, पण एका खोक्यात किमान आठ इंची कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारा गोल पडदा, हवा. जुन्या बाजारातले लाकडी खोक्यांचे स्पीकर चालतात, उलट बरे पडतात. ते खोलीच्या कोपऱ्याकडे सरकवा. दोन भिंतींच्या सांध्यात खर्ज वाढतो. मात्र अगदी चिकटवू नका, नाहीतर प्रत्येक स्वर सारखाच घुमायला लागतो आणि बास वाजवणाऱ्याची बोटं ऐकू येईनाशी होतात. वीतभर अंतर सोडून बघा, मग दोन वीत, कान सांगेल. खोक्याखाली चार घड्यांची सतरंजी घाला. खालच्या मजल्यावरच्या आजींना आवाजाचा त्रास होत नाही, त्यांना त्रास होतो तो छत थरथरतं त्याचा, आणि ती थरथर सतरंजी बरीचशी पिऊन टाकते. तिखट आवाजाचा छोटा भोंगा, म्हणजे ट्वीटर, उभ्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. बसून ऐकायची बैठक नाही ही.

एवढं बारकाईने का सांगतोय, तर या नाचाच्या संस्कृतीची सुरुवात घराच्या खोलीत लावलेल्या स्पीकरपासूनच झाली आहे. 14 फेब्रुवारी 1970 ला न्यूयॉर्कमध्ये, 647 ब्रॉडवे या पत्त्यावर, डेव्हिड मनकूसो या गे तरुणाने स्वतःच्या राहत्या जागेत नाचाची पहिली निमंत्रितांची रात्र केली. त्या जागेला पुढे सगळे ‘द लॉफ्ट’ म्हणू लागले. न्यूयॉर्कमधल्याच स्टोनवॉल या गे लोकांच्या बारवर पोलिसांची धाड पडून लोक उलटून उभे राहिले त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. दोन पुरुष एकत्र नाचताना दिसले की पोलिसांना निमित्त मिळायचं, आणि बारला दारूचा परवाना असल्यामुळे तो परवाना हाच फास व्हायचा. मनकूसोने दारू विकलीच नाही. निमंत्रण, थोडी वर्गणी, फळं, सरबत, फुगे. आणि क्लिप्शहॉर्न नावाचे अवाढव्य स्पीकर, जे खोलीच्या कोपऱ्यात ठेवण्यासाठीच बनवलेले असतात. ॲलेक्स रोझनर या ध्वनी अभियंत्याने त्याला सगळी मांडणी करून दिली. तिथे कृष्णवर्णीय, लॅटिनो, गोरे, पुरुष, बायका असे सगळे यायचे, पण घर गे माणसाचं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. नाटकाच्या दौऱ्यात मी शेकडो सभागृहांत स्पीकर लावलेत. चांगला आवाज म्हणजे समोरच्याला दिलेला मान, हे मला रोझनर-मनकूसोची हकीकत वाचताना नेमकं उमगलं. ज्यांना बाहेर कुणी आत घेत नव्हतं, त्यांच्यासाठी त्यांनी शहरातला सगळ्यात उत्तम आवाज लावला.

आमच्या बैठकीतही दारू नसते. मटकीची उसळ, पाव, कलिंगड मिळालं तर कलिंगड, आणि कोकम सरबत. फोटो काढायचे नाहीत हे दारातच सांगतो. चौदापैकी पाच-सहा जणांच्या घरी अजून माहीत नसतं. कुणी पहिल्यांदा येणार असेल तर आधी मी किंवा माझा जोडीदार त्याला स्टेशनवर घ्यायला जातो. हे काम विसरू नका. पहिल्यांदा येणारा माणूस इमारतीच्या फाटकापासून परत जाऊ शकतो. मी स्वतः तसा दोनदा परत गेलो आहे, दादरच्या एका घराच्या फाटकावरून, 1999 साली.

आता गाणी. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं गाणं 1955 चं, फंक हे नावही नव्हतं तेव्हाचं: लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’. न्यू ऑर्लीन्समध्ये ध्वनिमुद्रित झालं. मूळ गाणं दोन पुरुषांमधल्या संगाबद्दलचं चावट गाणं होतं, तो ते क्लबमध्ये गायचा. स्टुडिओत ते तसंच छापणं शक्य नव्हतं, म्हणून डोरोथी लाबोस्त्री या गीतकार बाईंकडून शब्द सोवळे करून घेतले गेले. शब्द बदलले, पण गाण्याची चाल, किंकाळी, अंगविक्षेप सगळं तेच राहिलं. बैठकीत मी एवढंच सांगतो आणि गाणं परत लावतो. दुसऱ्यांदा ऐकताना लोकांचे चेहरे बदलतात, कारण शब्दांच्या खाली काय झाकलंय ते आता कानाला कळलेलं असतं. रिचर्ड तरुणपणी बायकी वेशात रंगमंचावर उभा राहिला होता. पुढे आयुष्यभर कधी तो आपण गे आहोत म्हणाला, कधी देवाच्या ओढीने ते सगळं पाप म्हणून झिडकारलं. हेही सांगा, लपवू नका. चर्च आणि देह यांच्यातली ही ओढाताण आज संध्याकाळभर ऐकू येणार आहे.

त्याच्या दौऱ्यावरचा वाद्यवृंद ‘द अपसेटर्स’. ठेक्यात फंक पहिल्यांदा त्या मंडळींनी आणला, असं फंकचा जनक मानल्या जाणाऱ्या खुद्द जेम्स ब्राउनने म्हटलेलं आहे. म्हणून दुसरं गाणं ब्राउनचं, 1967 चं ‘कोल्ड स्वेट’.

इथे टाळी शिकवावी लागते. त्याआधीच्या बहुतेक गाण्यांत चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर असे. आजही कुठल्याही रॉक गाण्यावर लोक तिथेच टाळी वाजवतात. ब्राउनने सगळ्या वाद्यांना पहिल्या मात्रेवर एकत्र आणलं. तो तिला नुसतं ‘द वन’ म्हणायचा. मराठी माणसाला ही गोष्ट समजावायला एक शब्द पुरतो: सम. मग मी टाळी द्यायला लावतो, समेवर एकच, बाकी तीन मात्रा हात मोकळे. पहिली दोन मिनिटं अर्धे लोक चुकतात. चुकू द्या. ‘सेक्स मशीन’ हे ब्राउनचं गाणं मुद्रित झालं त्या 1970 सालात त्याच्या वाद्यवृंदात बास वाजवायला बूट्सी कॉलिन्स नावाचा अठरा वर्षांचा पोरगा होता. त्याने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं की ब्राउनचा हुकूम होता, सम मला दे, मग मधल्या जागेत काय हवं ते कर. हे ऐकून आमच्यातला एक पखवाज वाजवणारा म्हणाला, आमचे गुरुजी हेच सांगायचे, फक्त छडी हातात घेऊन.

हा भाग पंधरा मिनिटांत उरका. ब्राउनच्या गाण्यांत गे माणूस कुठेच नाही आणि ओढूनताणून आणू नये. फंकचं जग बऱ्याच अंशी पुरुषी मर्दुमकीचं होतं. पण त्याने जी जमीन तयार केली, सम पक्की आणि मधला अवकाश तुझा, त्या जमिनीवर पुढे नाचायला कोण आलं हे ऐकायचं असेल तर आधी जमीन पायाला कळली पाहिजे. म्हणून टाळीनंतर सगळ्यांना समेवर नुसतं डावं पाऊल टाकायला सांगा. चालत नाही, नाचत नाही, फक्त वजन टाकायचं.

तिसरं, लाबेल, म्हणजे तिघी गायिकांचा संच. पॅटी लाबेल, नोना हेंड्रिक्स आणि सारा डॅश या तिघींचं ‘लेडी मार्मलेड’, 1974. निर्माता न्यू ऑर्लीन्सचा ॲलन तूसाँ, आणि वाजवणारे ‘द मीटर्स’ या तिथल्याच फंक वाद्यवृंदातले. म्हणजे इथे फंक शुद्ध स्वरूपात आहे, गढूळ, दमट, मागे रेलून वाजवलेलं. पण तिघींच्या अंगावर लॅरी लगॅस्पीने शिवलेले चंदेरी अंतराळवेश. ऑक्टोबर 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला. प्रेक्षकांना काहीतरी चंदेरी घालून या असं सांगितलं होतं, आणि गे चाहते आपादमस्तक चमचमत आले. लगॅस्पीने पुढे जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट या फंक वाद्यवृंदासाठीही कपडे केले. तेव्हा फंक म्हटलं की डोळ्यांसमोर जे चंदेरी अंतराळयानवालं रूप येतं, त्यात लाबेलच्या तिघींचा आणि त्यांच्या गे चाहत्यांच्या त्या रात्रीचा वाटा धरावा, असं माझं स्वतःचं मत आहे. बैठकीत मी शिवणकामाच्या दुकानातून आणलेली चंदेरी लेस कापून ठेवतो, पाच रुपये मीटर. ज्याला बांधायची त्याने मनगटावर बांधावी. बहुतेक जण बांधतात.

मुली आल्या असतील तर इथे थांबून नोना हेंड्रिक्सबद्दल सांगा. लाबेलची कितीतरी गाणी तिने लिहिली आहेत आणि आपण बायसेक्शुअल आहोत हे ती उघड बोलत आली आहे. आणि वेळ असेल तर पुढची पिढी म्हणून मिशेल एन्डेगेओचेलोचा 1993 चा पहिला अल्बम लावा. बास स्वतः वाजवते, गाते, आणि तिच्या गाण्यांत स्वतःचं प्रेमजीवन लपवत नाही. तिची बास ऐकून गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीने बास गिटार शिकायला सुरुवात केली.

आता उसळ-पाव वाढून घ्या. खाताना वाजवायला 1973 चं ‘द लव्ह आय लॉस्ट’ ठेवा, हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं, फिलाडेल्फियातलं. खाणाऱ्यांना मध्येच विचारा, पायातलं काय बदललं? अर्ल यंग नावाच्या ड्रमरने इथे मोठा ढोल चारही मात्रांवर सरळ टाकला आहे आणि दोन मात्रांच्या मधोमध झांज उघडून मिटवली आहे: धम्-त्स, धम्-त्स. हीच पुढे डिस्कोची खूण झाली. फंकमध्ये नाचणाऱ्याला समेची वाट बघावी लागते. इथे प्रत्येक मात्रा सम झाली. ज्याला ताल कळत नाही तोही आत येऊ शकतो. बास मात्र फंकवाल्यांचीच राहिली, मधल्या जागेत फिरणारी. डिस्को म्हणजे फंक पातळ केलेलं, असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांना मी बास ऐकायला लावतो.

आणि आता लांबीबद्दल, कारण हा माझ्या धंद्याचा विषय आहे. न्यूयॉर्कजवळ फायर आयलंड नावाचं लांबट बेट आहे, उन्हाळ्यात तिथे गे लोकांची वस्ती भरते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टॉम मोल्टन नावाचा एक जण तिथे गेला. त्याने पाहिलं की तीन मिनिटांत गाणं संपतं, अंगात भिनायच्या आत नाच तुटतो आणि लोक फरशी सोडून जातात. त्याने घरी बसून टेपवर गाणी एकमेकांत अशी जोडली की नाचणाऱ्याला सांधा कळू नये, आणि ती टेप तिथल्या सँडपायपर नावाच्या जागेत वाजली. पुढे गाणी लांबवणं, मधला बास-ड्रमचा भाग मोकळा करून ताणणं, हेच त्याचं काम झालं. एकदा नमुना कापायला सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मोठ्या तबकडीवर कापून बघितलं, आणि आवाज थक्क करणारा निघाला. कारण साधं आहे. खर्ज मोठा हवा असेल तर तबकडीवरची चरी रुंद लागते. सात इंचांत लांब गाणं बसवायचं तर चऱ्या अरुंद कराव्या लागतात, मग खर्ज छाटला जातो. बारा इंचांवर एकच गाणं असेल तर चरीला हवं तेवढं अंगण. बारा इंची सिंगल आली ती नाचणाऱ्यांसाठी, आणि त्या वेळी सगळ्यात निष्ठेने नाचणारे कोण होते हे सांगायला नको. जगभरचा डान्स रिमिक्स या खटपटीतून आला. तेव्हा तुम्हाला बैठकीसाठी गाणी मिळवायची असतील तर रेडिओची छोटी आवृत्ती घेऊ नका. बारा इंची आवृत्ती शोधा, सहा, सात, आठ मिनिटांची. हा एकच सल्ला पाळलात तरी अर्धी बैठक लागली.

खाणं झालं की कार्ल बीन. ‘आय वॉज बॉर्न धिस वे’, 1977, मोटाउन ही तबकड्यांची कंपनी. दोन वर्षं आधी हेच गाणं व्हॅलेंटिनो नावाच्या गायकाने गायलं होतं. शब्द बनी जोन्स या बाईंचे. हार्लेममध्ये त्यांची केशभूषेची दुकानं होती, तिथे काम करणाऱ्यांत गे पुरुष बरेच, त्यांचं जगणं रोज समोर दिसायचं. गाण्यात आडपडदा नाही: मी गे आहे, जन्मतःच असा आहे, आणि मला यात आनंद आहे. बीन गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भक्तिगीतं, गाणारा. पुढे त्याने लॉस एंजेलिसमध्ये गे-लेस्बियन कृष्णवर्णीयांसाठी चर्च काढलं आणि एड्सग्रस्तांसाठी संस्था उभी केली. या गाण्याच्या वेळी मी काही बोलत नाही. शब्द कळायला सोपे आहेत. 2022 च्या बैठकीत उल्हासनगरचा एक मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा, गाणं चालू असताना स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. जोडीदार त्याच्याबरोबर जाऊन उभा राहिला. आम्ही दुसरं गाणं लावलं नाही, हेच परत लावलं.

यानंतर ‘आय ॲम कमिंग आउट’ लावा, डायना रॉसचं, 1980. हे उलट दिशेने आलेलं गाणं आहे. लिहिणारे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स, शीक या वाद्यवृंदाचे, फंकची गिटार आणि बास म्हणजे काय ते या दोघांकडून शिकावं. न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये रॉजर्सला एकाच वेळी तीन डायना रॉस दिसल्या, तिच्या वेशातले तीन पुरुष, आणि त्याला वाटलं, हिने या चाहत्यांसाठी गायला हवं. या गाण्यात गिटारकडे लक्ष द्या. उजवा हात सोळा भाग पाडत सतत हलतोय, पण डावा हात फक्त निवडक जागी तारा दाबतो. बाकीचे नुसते खर्र-खर्र वाजतात. तबल्यातल्या भरणीच्या बोलांसारखं आहे ते.

मग एक कटू गोष्ट सांगावी लागते, थोडक्यात. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर, एका रेडिओ निवेदकाच्या हाकेवरून, हजारो तरुणांसमोर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला. तिथे दारावर काम करणाऱ्या विन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाने पुढे सांगितलं की लोक आणत होते त्या सगळ्या तबकड्या डिस्कोच्या नव्हत्या. कृष्णवर्णीय गायकांच्या कुठल्याही तबकड्या होत्या. राग संगीतावर नव्हता, नाचणाऱ्यांवर होता. त्याच शहरात वेअरहाउस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स, स्वतः गे आणि कृष्णवर्णीय, मुख्यतः गे कृष्णवर्णीय पोरांसाठी तबकड्या वाजवत राहिला, आणि हाउस या यंत्रांवर रचलेल्या नाचाच्या संगीताला नाव मिळालं ते त्या वेअरहाउसवरून. विन्स लॉरेन्स पुढे हाउसच्या पहिल्या तबकड्या करणाऱ्यांपैकी एक झाला.

आता सिल्वेस्टर. साडेआठला सुरू करा, घाई करू नका.

तो लहानपणापासून पेन्टेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये गायचा आणि किशोरवयात तिथून बाहेर पडला, कारण तो जसा होता तसा मंडळींना नको होता. 1970 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला, कॉकेट्स नावाच्या रंगीबेरंगी नाटकमंडळीत शिरला. मग स्वतःचा ‘हॉट बँड’ काढून फंक आणि रॉक गायला, तबकड्या चालल्या नाहीत. मग त्याला दोन बायका भेटल्या, मार्था वॉश आणि इझोरा रोड्स, दोघी चर्चच्या गायिका, आवाज असा की माइक लांब ठेवावा लागावा. बासवाल्या फंकवर चर्चचे तीन गळे, हे रसायन तिथे जमलं.

‘यू मेक मी फील (मायटी रिअल)’ हे 1978 चं गाणं त्याने गिटारवादक जेम्स विरिकबरोबर रचलं तेव्हा ते मध्यम लयीचं, गॉस्पेलच्या वळणाचं होतं. पॅट्रिक काउली नावाच्या तरुणाने ते तालमीत ऐकलं. तो क्लबमध्ये प्रकाशयोजनेचं काम करायचा आणि घरी सिंथेसायझरशी झटायचा. त्याने त्यावर आपला सिंथेसायझर घातला आणि लय मिनिटाला 130 च्या पुढे गेली. आता ऐकायची रीत. त्याच अल्बमवर, ‘स्टेप टू’ वर, या गाण्याचं एक छोटं संथ रूप आहे, ‘एपिलॉग’ नावाचं. ते आधी लावा. दिवे मंद, सगळे बसलेले. ऐकताना वाटतं हा चर्चमध्येच बसून गातोय. ज्याला बाहेर काढलं तो गाभाऱ्यात बसून गातोय. ते संपलं की उभं राहायला सांगा आणि जलद रूप लावा, आवाज वाढवून. शब्द तेच आहेत. खोटेपणाने जगायला लावलेल्या माणसाला कुणाच्यातरी स्पर्शाने आपण खरे आहोत असं वाटणं, एवढाच त्यांचा अर्थ आहे. फॉल्सेटो म्हणजे पुरुषाचा वरचा, नितळ आवाज, त्यात तो कुठेही बाईची नक्कल करत नाही, हे लक्षात ठेवून ऐका. तो त्याचाच आवाज आहे.

11 मार्च 1979 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉर मेमोरिअल ऑपेरा हाउसमध्ये तो गायला. शहराने त्याला मानाची किल्ली दिली. 2024 मध्ये दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आमच्या खिडकीखाली मंडपात ताशाची तालीम चालली होती, आणि ‘मायटी रिअल’च्या मधल्या भागात तो ताशा अचूक लयीत मिसळला. चौदा जण खिडकीकडे वळले. खालच्या पोरांनी वर बघून हात केला.

शेवटून दुसरं, ‘डू या वॉना फंक’, 1982, सिल्वेस्टर आणि काउली. नावातच फंक आहे, आणि इथे बास माणूस वाजवत नाही, यंत्र वाजवतं, तरी तिचं घराणं ओळखू येतं. त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला काउली एड्सने गेला, बत्तीस वर्षांचा. जून 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइड मोर्चात एड्स झालेल्या लोकांच्या तुकडीत सिल्वेस्टर चाकांच्या खुर्चीत बसून पुढे होता. 16 डिसेंबर 1988 ला तो गेला. आपल्या गाण्यांचं मानधन त्याने एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नावे लिहून ठेवलं. हे सगळं मी गाणं लावण्याआधी सांगतो, नंतर नाही. नंतर सांगितलं तर लोक खाली बसतात. आधी सांगितलं तर ते नाचतात, आणि त्याला तेच आवडलं असतं असं मला वाटतं.

रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो, म्हणून पावणेदहाला ‘एपिलॉग’ परत लावा. या वेळी आवाज पहिल्यापेक्षा कमी, इतका की पंख्याचीही घरघर ऐकू येईल. बहुतेक जण भिंतीला टेकून फरशीवर बसलेले असतात, मनगटावर लेस. गाणं संपलं की आधी ॲम्प्लिफायर बंद करा, मगच केबल काढा. उलटं केलंत तर स्पीकरमध्ये मोठा ठप्प आवाज होतो, आणि त्या गाण्यानंतर तो कुणाच्या कानात जायला नको. मग जे पहिल्यांदा आले होते त्यांना स्टेशनपर्यंत सोडून या.